विचारलं तेवढंच

"ढोबळे, उद्यापासून तू माझ्या ऑफिसात यायचं नाही," टेकाळे सर म्हणाले आणि समोरची खुर्ची दाखवत त्यांनी पुढे जोडलं, "बस."

मी उभीच राहिले. कोर्ट जेवणासाठी उठलं होतं. सरांचा डबा टेबलावर तसाच बंद होता. सनद मिळाल्यापासून मी त्यांच्याकडे ज्युनियर होते. कुठली तारीख चुकली, कुठल्या अशिलाला उलटून बोलले, असं मनातल्या मनात आठवायला लागले. माझी जीभ जरा धारदारच, तेव्हाही होती.

"माझं काय चुकलं, सर?"

"काही नाही. कुलथे बाईंचं वकीलपत्र तू घे. ते घेतलंस की इथे बसता येणार नाही, म्हणून सांगितलं."



कुलथे बाई आमच्या तालुक्याच्या गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. आदल्या वर्षीच्या श्रावणात त्या तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन नदीकाठी वनभोजनाला गेल्या होत्या. जेवणं चालू असताना एक मुलगी हात धुवायला पाण्याशी गेली, पाय घसरला आणि वाहून गेली. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. सगळ्या मुलांवर बाई एकट्याच होत्या. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला, शाळेनं निलंबित केलं. शिक्षा झाली असती तर तुरुंग आणि नोकरीही कायमची गेली असती. नवरा वारलेला, सासू आणि दोन मुलं त्यांच्याच पगारावर.

वाहून गेलेली मुलगी गार्गी. टेकाळे सरांची एकुलती एक नात.

सर बारमधले सगळ्यांत ज्येष्ठ. गार्गीच्या तेराव्यानंतर वकील संघाची सभा भरली आणि ठराव झाला, की या गावातल्या कुणीही वकिलानं कुलथे बाईंचं वकीलपत्र घ्यायचं नाही. अशा ठरावाला कायद्यात काडीचा आधार नव्हता. पण बाररूममध्ये बसून चहा प्यायचा असेल, तर तो मोडायची कुणाची छाती नव्हती. जिल्ह्याचे वकीलही कानावर हात ठेवायचे, आणि कोर्टानं फुकट नेमून द्यायचे तेही याच बारमधले. बाई दर तारखेला एकट्या येऊन उभ्या राहायच्या. न्यायाधीश विचारायचे, वकील दिला का? बाई म्हणायच्या, कुणी घेईना साहेब. पुढची तारीख पडायची.

"सर, ठराव आहे," मी म्हटलं.

"वर्गात मी तुम्हाला घटनेचं बाविसावं कलम काय शिकवलं होतं?"

"आवडीच्या वकिलाकडून बचाव करून घ्यायचा हक्क."

"मग? ते काय नुसतं परीक्षेपुरतं होतं?" त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "मी पाठवलं, असं कुणालाही सांगायचं नाही. तुझा कोट अडकवलाय तो घेऊन जा."

मी कोट घेतला आणि निघाले. मला वाटलं, हा माणूस तत्त्वासाठी स्वतःच्या दुःखाच्याही वर उठला. डोळे भरून आले. सर आधीच मला देवासारखे होते, त्या दुपारी आणखी मोठे झाले. तसं वाटण्यात माझा दोष नव्हता. मला सगळं माहीत नव्हतं, इतकंच.

आमच्या गावात विधी महाविद्यालय निघालं ते टेकाळे सरांच्या हट्टामुळे. बाकीच्या वकिलांचं एकच पालुपद असायचं, वकिली काय कॉलेजात शिकायची असते? सिनियरच्या मागे कोट सावरत उभं राहिलं की ती आपोआप अंगात मुरते. बारचे अध्यक्ष हुंबे वकील तर उघड म्हणायचे, कॉलेज म्हणजे कलमांचे नंबर पाठ करायचा कारखाना. सरांना हे पटायचं नाही. ते म्हणायचे, सिनियरच्या मागे उभं राहायलाही आधी कुणाच्या तरी घरचं असावं लागतं. ज्याचं कुणी नाही त्यानं कुठे उभं राहायचं? एस.टी. कंडक्टरची पोर असलेल्या मला हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

कॉलेज संध्याकाळी, प्राथमिक शाळेच्याच इमारतीत भरायचं. दोन्ही एकाच संस्थेची आणि सर संस्थेचे सचिव. छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसायचो. ग्रामसेवक, तलाठी, दोन शिक्षक, एक कंपाउंडर आणि मी. सर राज्यघटना आणि पुरावा कायदा शिकवायचे. एकाला खुर्चीवर साक्षीदार म्हणून बसवायचे आणि दुसऱ्याला उलटतपास घ्यायला लावायचे. साक्षीदारानं पाल्हाळ लावलं की ओरडायचे, "विचारलं तेवढंच! साक्षीदारानं विचारलं तेवढंच सांगायचं." आणि वकिलाला सांगायचे, ज्याचं उत्तर तुला माहीत नाही तो प्रश्न विचारू नको. मात्र कुणी मुद्द्यापाशी येऊन मधेच खाली बसायला लागला, की तोंडानं काही न बोलता बोटातल्या अंगठीनं टेबलावर टकटक करायचे. म्हणजे, पुढे? अजून उरलंय.

गार्गी कधीकधी आजोबांबरोबर यायची आणि शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसून माझे शेंगदाणे संपवायची.

मी वकीलपत्र दाखल केलं आणि बाररूममध्ये माझं खाणं-पिणं बंद झालं म्हणा ना. मी गेले की बोलणी थांबायची. चहावाला माझ्यापुढे कप ठेवताना आधी हुंबे वकिलांकडे बघायचा. एकदा व्हरांड्यात हुंबे मला गाठून म्हणाले, "पोरी, ज्या ताटात जेवलीस त्यातच घाण केलीस. हेच शिकवलं व्हय तुमच्या कॉलेजात?" मला खूप काही बोलता आलं असतं. पण सरांना शब्द दिलेला होता. मी मान खाली घालून पुढे गेले आणि घरी येऊन कणीक तिंबता तिंबता रडले. सर समोरून आले तरी ओळख द्यायचे नाहीत. ते मला सगळ्यांत जास्त लागायचं.

कुलथे बाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला आत घेतलंच नाही. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, तुम्ही कशाला आपलं वाटोळं करून घेता? होईल ती शिक्षा मी भोगीन."

मी चिवट आहे. पायरीवर बसून राहिले. शेवटी त्यांच्या सासूबाईच म्हणाल्या, अगं, दारात आलेल्या लेकीला पाणी तरी दे.

पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, इतक्या मुलांना घेऊन एकट्या कशा निघालात?  बाई म्हणाल्या, पोलिसांनी एवढंच विचारलं की सोबत दुसरं कोणी होतं का. मी नाही म्हणाले. का नव्हतं, ते कुणी विचारलं नाही.

"मी विचारतेय. का नव्हतं?"

 त्या जे बोलल्या त्यातलं अर्धं मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या दिवशी आमच्या कॉलेजची तपासणी होती. विद्यापीठाची समिती येणार होती आणि संलग्नता राहते की जाते ते ठरणार होतं. कॉलेजला स्वतःची इमारत नाही, ग्रंथालय नाही, ग्रंथपाल नाही. मग अशा वेळी सगळीकडे करतात तेच आम्ही केलं. वकिलांच्या ऑफिसांतून जाड पुस्तकं आणून कपाटं भरली, ती वाहून आणणाऱ्यांत तेव्हा शेवटच्या वर्षाला असलेली मीही होते. छोटे बाक मागच्या खोलीत कोंबले, जिल्ह्याहून मोठे बाक भाड्यानं आणले. बाराखडीचे तक्ते उतरवले. शाळेच्या गुरव सरांना टाय बांधून ग्रंथपाल म्हणून बसवलं, शाळेचा शिपाई कॉलेजचा शिपाई झाला. गुरव सरांची टाय बघून आम्ही पोरं हसलो होतो.

आणि शाळेची मुलं? सुट्टी दिली असती तर ती मैदानावर खेळायला आली असती. म्हणून त्यांचं वनभोजन त्याच दिवशी काढलं. दरवर्षी गुरव सर आणि शिपाई बरोबर जायचे. त्या वर्षी दोघंही कॉलेजात होते.

"आदल्या दिवशी मी टेकाळे सरांच्या घरी गेले होते," बाई म्हणाल्या. "म्हटलं, सर, नदीला पाणी आहे. गुरव सरांना तरी द्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात जाऊ. ते म्हणाले, समिती रोज येत नाही बाई. मुलं सांभाळणं तुमचं काम आहे." त्यांनी माझं रिकामं भांडं उचललं. "खरं तर मीच नाही म्हणायला पायजे होतं. नोकरीची भीती वाटली."

"हे कोर्टात सांगायला हवं."

"नको. त्यांची नात गेलीय हो. आता त्यांच्या डोक्यावर हे कुठं घालू? आणि मी सांगितलं तरी त्यांच्यापुढं माझं कोण खरं मानणार?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांनी मला या बाईंकडे पाठवलं त्यांच्याच विरुद्ध मला जायचं होतं. आणि हे त्यांना ठाऊक नसेल, असं कसं म्हणायचं?

सर सरकार पक्षाचे साक्षीदार होते. मुलीचे आजोबा म्हणून आणि संस्थेचे सचिव म्हणूनही. साक्षीच्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. मागच्या बाकावर सरांचा मुलगा श्रीरंग बसला होता, गार्गीचा बाप. सर आत आले, अंगातला काळा कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला, गळपट्टी सोडून कोटाच्या खिशात घातली आणि नुसत्या पांढऱ्या सदऱ्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. इतकी वर्षं ज्या पिंजऱ्याला बाहेरून हात लावून ते प्रश्न विचारायचे, त्याच्या आत ते फार बारीक दिसले.

सरकारी वकिलांनी दोन-चार सोपे प्रश्न हळू आवाजात विचारले आणि वाकून नमस्कार करून खाली बसले. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. 

संस्थेचे सचिव तुम्हीच का, विधी महाविद्यालय त्याच इमारतीत भरतं का, घटनेच्या दिवशी तिथे काय होतं, असे मी एकेक विचारत गेले. हो, हो, विद्यापीठाची समिती होती, अशी उत्तरं येत गेली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की याचा खटल्याशी संबंध नाही. न्यायाधीश म्हणाले, बघू या, विचारू दे.

"शाळेचे शिक्षक गुरव त्या दिवशी कुठे होते?"

"कॉलेजच्या ग्रंथालयात."

"कशासाठी?"

"ग्रंथपाल म्हणून बसवलं होतं."

"ते ग्रंथपाल होते का?"

"नाही."

मागे कुजबुज झाली. हुंबे वकील खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. न्यायाधीश एकेक उत्तर लेखनिकाला सांगत होते आणि ते लिहून घेतलं जात होतं. आमच्या कॉलेजचं काय होणार ते त्याच क्षणी खोलीतल्या प्रत्येक वकिलाला कळलं.

इथे मी थांबले. बाई एकट्या का होत्या हे रेकॉर्डवर आलं होतं. पुढचा प्रश्न आदल्या दिवशीचा. ती भेट फक्त दोन माणसांना ठाऊक होती. सरांनी एकदा "नाही" म्हटलं असतं, तर बाई खोट्या ठरल्या असत्या आणि मिळालेलंही हातचं गेलं असतं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नाही, हे मला शिकवणारा माणूस समोर उभा होता. शिवाय खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली. पुरे झालं, असं वाटलं. मी खाली बसायला वाकले.

टक. टक.

सर पिंजऱ्याच्या कठड्यावर अंगठी आपटत होते. चेहरा न्यायाधीशांकडे होता, पण बोट थांबत नव्हतं.

मी पुन्हा उभी राहिले.

"आरोपी कुलथे बाई आदल्या दिवशी तुमच्या घरी आल्या होत्या का?"

"आल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"नदीला पाणी आहे म्हणाल्या. गुरवांना बरोबर द्या, नाहीतर वनभोजन पुढे ढकला, असं म्हणाल्या." सरांचा आवाज वर्गात असायचा तसा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मी नाही म्हटलं. समिती रोज येत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा विनंती केली."

मागच्या बाकावरून श्रीरंग उठला आणि बाहेर निघून गेला. सरांनी त्याला जाताना पाहिलं. मग ते एकदम म्हणाले, "आणि गार्गी त्या दिवशी..."

"सर," न्यायाधीश मऊ आवाजात म्हणाले, "ते विचारलेलं नाही."

सरांनी तोंड मिटलं. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेला नियम होता. मान हलवून ते म्हणाले, "बरोबर आहे, साहेब." आणखी प्रश्न नाहीत, असं मी सांगितलं. ते खाली उतरले आणि खुर्चीवरचा कोट अंगात न घालता हातावर टाकून बाहेर गेले.

कुलथे बाई सुटल्या. पुढे दुसऱ्या गावच्या शाळेत त्यांना नोकरी मिळाली. कॉलेजची संलग्नता रद्द झाली. शिकत असलेली मुलं जिल्ह्याच्या कॉलेजात गेली, काहींनी शिक्षणच सोडलं, आणि आमच्या वर्गातला, पेपर राहिलेला कंपाउंडर मला आजही ओळख देत नाही. मी त्याला दोष देत नाही. सरांनी सचिवपदाचा राजीनामा दिला आणि सनदही परत केली. श्रीरंग बायकोला घेऊन नाशिकला राहायला गेला.

निकालानंतर मी सरांकडे गेले. बाहेरच्या खोलीत ते एकटेच होते. पुस्तकांची कपाटं रिकामी. तपासणीसाठी कॉलेजात नेलेली त्यांची पुस्तकं त्यांनी परत आणवलीच नव्हती.

मी भांडायलाच गेले होते. म्हटलं, "सर, तुम्हाला हे सांगायचंच होतं, तर पोलिसांना आधीच का नाही सांगितलंत? बाईंनी वर्षभर काय काय सोसलं."

"खरंय," सर म्हणाले. "मी भ्यालो. आधी कॉलेजसाठी भ्यालो, मग श्रीरंगसाठी. रोज वाटायचं, कुणीतरी विचारील, मग सांगू. पण कुणी विचारीचना. सगळे सांत्वन करत होते. बारनं तर माझ्यासाठी ठराव केला. म्हणजे मला विचारू शकणारा एकुलता एक माणूस, बाईंचा वकील, त्याचंही तोंड बांधून टाकलं. तेव्हा मी घाबरलो, ढोबळे. वाटलं, आता हे असंच राहणार."

"म्हणून मला पाठवलंत."

"दुसरा कुणीही असता तर त्यानं मला वाचवलं असतं. तू तरी विचारशील, असं वाटलं." ते जरासे हसले. "तूही बसतच होतीस."

 मला वाटलेलं तत्त्व ते हेच होतं तर. त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याजवळून उठवतही नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "माझं शेवटचं वाक्य साहेबांनी घेतलं का गं रेकॉर्डवर?"

"नाही सर. ते विचारलेलं नव्हतं."

"हं. कायद्यानं बरोबर आहे," ते म्हणाले आणि बोटातली अंगठी फिरवत बसले.

मी माझी खुर्ची त्यांच्या समोर ओढली.

"सर," मी विचारलं, "गार्गीचं त्या दिवशी काय झालं?"

सर खुर्चीत सरळ झाले, पिंजऱ्यात उभे होते तसे.

"तिला खोकला होता. सूनबाई तिला पाठवायला तयार नव्हती. पोरगी मला म्हणाली, आजोबा, मला नदीवर जायचं नाही, मी तुमच्या कॉलेजात येते, ताईजवळ शेवटच्या बाकावर गप्प बसते." त्यांनी श्वास घेतला. "मी म्हटलं, नाही. आज तिथे लहान मूल दिसता कामा नये. आणि घरी राहिली तर माझ्यामागे येईल, म्हणून तिचा डबा मीच तिच्या हातात दिला."

ते थांबले. विचारलं तेवढं सांगून झालं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला, आणि मग ते रडले.